जिस्ट कार्ड ते कंटेनर : मराठी आज्ञावलींच्या अक्षरसामग्रीचा इतिहास (१९८३–२०२१)

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या गारगोटीत शेतकऱ्याला जमिनीचा सातबारा उतारा पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या हस्ताक्षरात मिळत असे. अक्षर वळणदार असो वा गिचमिड, ते ज्या गावच्या जमिनीविषयी होते त्याच परिसरात उमटत असे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. हा उतारा ज्या कागदावर छापला जातो तो कागद गारगोटीतील असतो, परंतु त्यावरील अक्षरांची जुळणी आधीच दूरच्या एखाद्या सर्व्हरवर झालेली असते. कोणती वेलांटी कोठे बसवायची, ‘क्ष’ कसा जोडायचा, ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातील ‘ऱ्य’ कसा काढायचा, हे सर्व त्या यंत्रावर ठरते. त्या यंत्रापाशी मराठीचे साहित्य नसेल तर येथील छपाईयंत्र कितीही चांगले असून उपयोग नाही.

संगणकाच्या इतिहासात यंत्रांचा वेग, साठवणक्षमता आणि कंपन्यांची स्पर्धा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीच्या दृष्टीने त्या इतिहासाचा निराळा प्रश्न आहे. मराठीत चालणाऱ्या आज्ञावलीला लागणारी अक्षरसामग्री, म्हणजे संकेत, फॉन्ट, जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा, वर्णक्रमाचे नियम, ही कोणत्या काळी कोठे ठेवलेली होती आणि ती ठेवण्याचा अधिकार कोणाकडे होता? गेल्या चार दशकांत ही जागा अनेकदा बदलली. क्लाऊडवरील अनुप्रयोग स्वतः रचलेल्या कंटेनरमध्ये चालविण्याची सोय हा त्या बदलांतील एक अलीकडचा टप्पा होय. तो केवळ तांत्रिक सोयीचा टप्पा म्हणून ओळखला जातो; प्रस्तुत लेखात त्याच्याकडे मराठीच्या बाजूने पाहिले आहे.

अक्षरे यंत्राला बांधलेली होती तेव्हा

भारतीय लिप्यांसाठी संगणकीय यंत्रणा उभारण्याचे महत्त्वाचे काम कानपूरच्या आय. आय. टी.त झाले. तेथे तयार झालेला देवनागरी संगणकाचा नमुना १९८३ मध्ये दिल्लीतील तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आला. प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखालील या संशोधनातून ‘जिस्ट’ हे तंत्र आकारास आले आणि त्यात मोहन तांबे यांचा वाटा मोठा होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि जिस्टचे कार्य तेथे आले. सी-डॅक म्हटले की ‘परम ८०००’ या १९९१ च्या महासंगणकाचे नाव निघते. सामान्य मराठी माणसाच्या दैनंदिन व्यवहारावर मात्र त्या महासंगणकापेक्षा जिस्टचा परिणाम अधिक झाला, असे म्हणण्यास जागा आहे.

जिस्ट कार्ड ही संगणकाच्या आत बसविण्याची एक पट्टी होती. डॉस प्रणालीवर चालणारी, इंग्रजीसाठी लिहिलेली आज्ञावली पडद्यावर अक्षरे पाठवू लागली की हे कार्ड ती अडवून देवनागरीत दाखवीत असे. मूळ आज्ञावलीला मराठीची कल्पनाही नसे. त्यामुळे तीच आज्ञावली मराठी नावांसाठी वापरता येत असे. युक्ती विलक्षण होती, परंतु तिच्यामुळे मराठी त्या एका यंत्राशी जखडली गेली. कार्ड असलेल्या संगणकावर मराठी, शेजारच्या टेबलावरील कार्ड नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातील आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. महसुली कागद संगणकावर जाण्याचा प्रारंभ झाला तो अशा काळात.

कार्डाबरोबर आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती अधिक टिकाऊ ठरली. भारतीय लिप्यांसाठी एकच संकेतक्रम असावा या विचारातून ‘इस्की’ हा संकेत तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला मानकाचा दर्जा दिला. ‘क’ या वर्णाचा संकेत देवनागरीत, गुजरातीत, कन्नडमध्ये एकच. लिपी बदलली की फक्त दिसणे बदलते. इनस्क्रिप्ट कळफलकही याच विचारातला. संकेत वेगळा आणि अक्षराचे दिसणे वेगळे, हा भेद येथे प्रथम स्पष्टपणे मानला गेला.

विंडोज प्रणाली पसरल्यावर १९९० च्या दशकात हा भेद पुन्हा पुसट झाला. कार्ड गेले आणि फॉन्ट आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या संचांनी मराठी छपाईचा व्यवसाय बदलून टाकला. पत्रिका, वर्तमानपत्रे, शासकीय परिपत्रके, महाविद्यालयांची नियतकालिके हे सर्व त्यांवर चालू लागले. परंतु या फॉन्टमध्ये मराठी मजकूर वर्णांच्या क्रमाने न साठता अक्षरांच्या तुकड्यांच्या क्रमाने साठत असे. काना हा एक तुकडा, अर्धा ‘त’ दुसरा तुकडा, आणि प्रत्येक संचात तुकड्यांचे क्रमांक निराळे. एका संचातला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की कागदभर विचित्र चिन्हे दिसत. काही संचांना हार्डवेअर लॉक असे. ती छोटीशी कळ संगणकाच्या मागे लावल्याशिवाय मराठी उमटत नसे. मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचण्यापूर्वी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, हे त्या काळातील वाचकांना आठवत असेल. जखडलेपण संपले नव्हते. पूर्वी ते कार्डाशी होते, आता फॉन्टच्या फाइलशी आणि लॉकशी होते.

युनिकोडने काय सोडविले

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेला होता. कानपूर-पुण्याच्या कामाचे धागे अशा रीतीने जागतिक मानकात गेले. विंडोज २००० या प्रणालीत ‘मंगल’ फॉन्टसह देवनागरीचा अंतर्भाव झाला. त्यानंतर मजकुराचे संकेत सर्वत्र समान झाले. मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागला.

मात्र येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व इतिहास तिच्यावर उभा आहे. युनिकोडने मजकूर सुटा केला. तो कागदावर उमटविण्याची सामग्री त्याच्याबरोबर जात नाही. ‘कि’ लिहिताना संकेतांत आधी ‘क’ येतो आणि नंतर वेलांटी. कागदावर वेलांटी आधी यावी लागते. ही अदलाबदल करणारी यंत्रणा आणि योग्य फॉन्ट प्रत्येक यंत्रावर असावेच लागतात. विंडोजवर ते काम प्रणालीच करीत असल्यामुळे वापरणाऱ्याला त्याची जाणीवही नसे. सर्व्हरवर, विशेषतः लिनक्स सर्व्हरवर, ते कोणी तरी मुद्दाम बसवावे लागे.

कंटेनर या कल्पनेचा उगम

एकाच संगणकावर अनेक कामे एकमेकांना धक्का न लागता चालावीत, ही गरज फार जुनी आहे. आय. बी. एम. ने १९६० च्या दशकात मोठ्या यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालविण्याचा प्रयोग केला आणि १९७२ मध्ये तो व्यापारी स्वरूपात आणला. त्यात प्रत्येक कामाला संपूर्ण यंत्राचा भास दिला जातो आणि म्हणून प्रत्येकाला स्वतःची संपूर्ण प्रचालन प्रणाली लागते. दुसरा मार्ग काटकसरीचा होता. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, सर्वांसाठी एकच ठेवायचा आणि प्रत्येक कामाला भोवतालचे जग तेवढे वेगळे दाखवायचे. १९७९ मध्ये युनिक्समध्ये आलेल्या ‘सी-एच-रूट’ या आज्ञेने एखाद्या कामाला फाइलींच्या झाडाची एकच फांदी दिसेल अशी व्यवस्था केली. २००० मध्ये फ्री-बीएसडीमध्ये पॉल-हेनिंग कॅम्प यांचे ‘जेल’ आले, २००५ मध्ये सन कंपनीच्या सोलॅरिस १० मध्ये ‘झोन’ आले. नावे तुरुंगाची आणि कुंपणाची आहेत, यावरून त्या काळच्या चिंतेचा रोख कळतो. कोणी बाहेर पडून दुसऱ्याची नासधूस करू नये, हा हेतू होता. सामान बरोबर नेण्याची कल्पना त्यात नव्हती.

लिनक्समध्ये पॉल मेनेज आणि रोहित सेठ या गुगलमधील अभियंत्यांनी २००६ पासून कामांच्या गटाला प्रोसेसर व स्मृती यांचा ठरावीक हिस्सा देण्याची यंत्रणा उभारली. तिचे आरंभीचे नाव ‘प्रोसेस कंटेनर्स’ असे होते. गोंधळ टाळण्यासाठी ते बदलून ‘सी-ग्रुप्स’ झाले आणि जानेवारी २००८ च्या कर्नेलमध्ये ती समाविष्ट झाली. स्मृतीचे वाटप करणारा तिचा भाग भारतीय अभियंते बलबीर सिंग यांनी लिहिला. याच वर्षी हे घटक एकत्र जोडणारे ‘एलएक्ससी’ हे साधन आले.

मालवाहतुकीचे रूपक नंतर जोडले गेले. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या, तेव्हापासून बंदरावर माल उचलण्याची पद्धतच बदलली. आत काय आहे हे क्रेनला ठाऊक असण्याची गरज उरली नाही. महाराष्ट्रात १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील बंदर या बदलाचे दृश्य रूप होय. १५ मार्च २०१३ रोजी सांता क्लारा येथील पायथॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी जेमतेम पाच मिनिटांच्या भाषणात ‘डॉकर’ दाखविले, तेव्हा तुरुंगाच्या जागी बंदर आले. आज्ञावली, तिला लागणारी ग्रंथालये, फाइली, मांडणी हे सर्व एका इमेजमध्ये बांधायचे आणि लिनक्स कर्नेल असलेल्या कोणत्याही यंत्रावर तसेच्या तसे उघडायचे. तंत्राचे सुटे भाग आधीपासून होते. बांधून पाठविण्याची सोपी रीत नवी होती.

क्लाऊडचे ठरीव साचे

दरम्यान क्लाऊडचा उदय झाला होता. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रशाळेतील संगणक, वापराच्या प्रमाणात भाड्याने. एप्रिल २००८ मध्ये गुगलने ‘अॅप इंजिन’ ही सेवा खुली केली. विकासकाने फक्त आपली आज्ञावली द्यावी. सर्व्हर लावणे, वाढविणे, दुरुस्त ठेवणे ही कामे गुगल करील. सोय मोठी होती आणि अट तेवढीच मोठी होती. भाषा एकच, पायथॉन, तीही २.५ ही ठरावीक आवृत्ती; निव्वळ पायथॉनमध्ये लिहिलेलीच ग्रंथालये चालतील; फाइल लिहिता येणार नाही.

मराठीच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला? जोडाक्षरे जुळविणारी आणि वर्णक्रम सांभाळणारी प्रमुख ग्रंथालये सी व सी++ या भाषांत लिहिलेली आहेत. ती येथे बसवता येत नव्हती. मराठी मजकूर साठवता येत होता, वाचकाच्या संगणकाकडे पाठवता येत होता, कारण तेथे विंडोज आपले काम करी. परंतु सर्व्हरवरच पीडीएफ दाखला तयार करायचा म्हटले की संकेत ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने अक्षरे बसत. वेलांटी ‘क’च्या मागे जाई आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत.

एक योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. अॅप इंजिन जाहीर झाले त्याच महिन्यात, एप्रिल २००८ मध्ये, युनिकोडची ५.१ आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात मराठीसाठी ‘ॲ’ हा स्वतंत्र वर्ण प्रथमच समाविष्ट झाला. ‘ॲड.’ आणि ‘ॲम्ब्युलन्स’ हे शब्द मानक संकेताने लिहिण्याची सोय झाली. पायथॉन २.५ मधील वर्णसूची मात्र युनिकोड ४.१ ची होती. त्या सूचीच्या दृष्टीने ‘ॲ’ हे अक्षरच नव्हते. ते रिकाम्या जागेचे क्रमांक होते. अॅप इंजिनवर नवी वर्णसूची असलेले पायथॉन २.७ पूर्णपणे उपलब्ध झाले ते २०१२ मध्ये. मराठीतला एक वर्ण मानकात आला तरी सेवा देणाऱ्या कंपनीने साचा बदलेपर्यंत तो तेथे परका राहिला. यात कंपनीचा आकस होता असे मुळीच नाही. ठरीव साचा सर्वांसाठी एकच असतो, आणि तो ज्यांच्या गरजा समोर ठेवून बनविला जातो त्यांत मराठी नसते, एवढाच याचा अर्थ. परिणाम व्हायचा तो होतोच.

इतर सेवांमध्येही हेच थोड्याफार फरकाने दिसते. मायक्रोसॉफ्टच्या ‘अॅझूर अॅप सर्व्हिस’मध्ये विंडोजवरील अनुप्रयोग एका बंदिस्त कक्षात चालतात आणि सुरक्षेसाठी त्या कक्षात अक्षरे रेखाटण्याच्या अनेक सोयी बंद केलेल्या असतात; स्वतःचा फॉन्ट तेथे बसविता येत नाही. एक विंडोज यंत्र घेतले की मराठी आपोआप मिळते, हा डेस्कटॉपवरचा अनुभव क्लाऊडमध्ये फसवा ठरला.

स्वतः रचलेला कंटेनर

जून २०१४ मध्ये डॉकरची १.० आवृत्ती निघाली आणि त्याच महिन्यात गुगलने कंटेनरांचे ताफे सांभाळणारे ‘कुबेरनेटीस’ जगापुढे ठेवले. पुढील वर्षी कंटेनरच्या इमेजचे स्वरूप कोणा एका कंपनीच्या मालकीचे राहू नये म्हणून मुक्त मानक ठरविणारी संस्था स्थापन झाली. क्लाऊड कंपन्यांनी एकेक करून आपली दारे उघडली. गुगलने २०१४ मध्ये अॅप इंजिनसाठी स्वतः रचलेल्या वातावरणाचा मार्ग जाहीर केला आणि २०१७ मध्ये तो पूर्णपणे खुला झाला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने लिनक्स कंटेनर स्वीकारण्यास प्रारंभ केला, २०१८ मध्ये विंडोज कंटेनर चाचणीरूपात आले. अॅमेझॉनच्या ‘लॅम्डा’ने डिसेंबर २०२० मध्ये १० गिगाबाइटपर्यंतच्या इमेज चालवण्याची मुभा दिली. विंडोज कंटेनरची ओळख करून देण्यासाठी मायक्रोसॉफ्टने जो पाठ लिहिला, त्यात उदाहरण घेतले ते प्रणालीत नसलेला एक फॉन्ट बसविण्याचे. फॉन्ट इंग्रजीचा आणि शोभेचा होता. अडचण मात्र मराठी विकासकाला वर्षानुवर्षे ठाऊक असलेलीच होती.

ही यंत्रे आता दूरदेशीही राहिली नव्हती. मायक्रोसॉफ्टची यंत्रशाळा २०१५ मध्ये पुण्यात, अॅमेझॉनची २०१६ मध्ये आणि गुगलची २०१७ मध्ये मुंबईत सुरू झाली. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाऊडविषयी धोरण जाहीर केले. परंतु यंत्र पुण्यात असले म्हणून त्याला मराठी येत नाही. पुण्यातील यंत्रावर उघडलेला कंटेनर आणि आयर्लंडमधील यंत्रावर उघडलेला कंटेनर आतून अगदी सारखेच असतात. हीच तर त्या तंत्राची प्रतिज्ञा आहे.

कंटेनर रचण्याची कृती एका लहानशा मजकूर-फाइलमध्ये लिहिलेली असते. कोणत्या मूळ इमेजपासून प्रारंभ करायचा, तिच्यावर काय काय चढवायचे, शेवटी कोणती आज्ञा चालवायची. मूळ इमेज जितकी लहान तितकी ती चपळ, म्हणून ‘अल्पाइन’ ही अवघी पाच-एक मेगाबाइटची इमेज लोकप्रिय झाली. या काटकसरीत जे गाळले जाते त्यात मराठीची जवळजवळ सर्व सामग्री असते. दाखला काढून पाहिला तर नावाच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग दिसते. अशा चौकटींना संगणकाच्या व्यवहारात ‘टोफू’ म्हणतात आणि त्या नाहीशा करण्याच्या हेतूने गुगलने आपल्या फॉन्टमालिकेचे नाव ‘नोटो’ ठेवले. मराठीसाठी कंटेनरमध्ये काय भरावे लागते याचा विचार केला तर ही यादी फॉन्टपाशी थांबत नाही.

फॉन्टचा प्रश्न प्रथम परवान्याचा आहे. ‘मंगल’ विंडोजबरोबर मिळतो. तो उचलून लिनक्स कंटेनरमध्ये घालून वाटता येत नाही. येथे मुक्त परवान्याच्या फॉन्टांनी केलेले कार्य मोलाचे ठरले. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले ‘लोहित’, ज्यांची पुढील जोपासना त्या कंपनीच्या पुणे कार्यालयातून झाली. राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’. त्याच्या आधारे आय. आय. टी. मुंबईत घडलेले ‘शोभिका’. ‘नोटो सान्स देवनागरी’. हे फॉन्ट कोणत्याही इमेजमध्ये घालता येतात, त्यांना लॉक नाही. १९९० च्या दशकातील व्यवसायाशी तुलना केली तर हा फरक केवढा मोठा आहे हे ध्यानात येते.

त्यानंतर जुळणीची यंत्रणा. मुक्त जगात हे काम बहुधा ‘हार्फबझ’ हे ग्रंथालय करते. ते नसेल किंवा आज्ञावली त्याला विचारीत नसेल तर चांगला फॉन्ट असूनही जोडाक्षरे मोडतात. मराठीची खरी कसोटी लागते ती ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ येथे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील भेद हिंदीपुरती केलेली जुळणी गिळून टाकते आणि गुरूला स्वयंपाकघरात पाठविते. भुदरगडसारख्या डोंगराळ तालुक्यात तर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक होऊन चालणार नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणांचेही असेच आहे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षररूपे निश्चित केली; पण अनेक फॉन्टांत हिंदी व मराठी अशी दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदविली असेल तरच मराठी वळण उमटते. फॉन्ट भरला आणि भाषा सांगायची राहिली, तर शासकीय कागदावर हिंदी वळणाचा ‘ल’ येतो.

वर्णक्रमाची चूक अधिक चोरटी असते, कारण ती डोळ्यांना लगेच दिसत नाही. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, युनिकोडच्या क्रमात मात्र तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. कावरे, कासार, काळे हा मराठी क्रम. नुसत्या संकेतक्रमाने लावल्यास काळे सर्वांत आधी येतात. अल्पाइनचे मूलभूत ग्रंथालय भाषानिहाय वर्णक्रम पाळतच नाही. त्यासाठी ‘आयसीयू’ हे ग्रंथालय मराठीच्या माहितीसह वेगळे भरावे लागते. शंभर खातेदारांच्या छापील यादीत वर्णक्रमाने नाव शोधणारा माणूस नाव जागेवर दिसले नाही तर ते यादीत नाहीच, असे समजून परत जातो. ही संगणकाच्या पाठ्यपुस्तकातील किरकोळ बाब नव्हे.

वेळेचे गणितही असेच आहे. कंटेनरमधील घड्याळ सांगितल्याशिवाय जागतिक प्रमाणवेळ दाखविते, आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या काळात केलेल्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. अशा कामात मुदतीच्या तारखेला महत्त्व असते, त्यामुळे एका दिवसाचा फरक क्षुल्लक राहत नाही.

कोल्हापूर परिसरासाठी या यादीत मोडीचाही समावेश करावा लागतो. संस्थानकाळातील जमिनीचे असंख्य कागद मोडीत आहेत. मोडी लिपी युनिकोडमध्ये आली ती ७.० आवृत्तीत, जून २०१४ मध्ये, डॉकरच्या १.० आवृत्तीच्याच महिन्यात. तिचे संकेत मूळ पासष्ट हजारांच्या पट्ट्याबाहेर असल्यामुळे प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. ‘मायएसक्यूएल’ या प्रचलित माहितीसाठ्यातील जुनी युनिकोड मांडणी तीनच बाइटांची होती. चार बाइटांची मांडणी २०१० मध्ये आली आणि ती निवडली नाही तर मोडीचा मजकूर साठवलाच जात नाही. मोडीचा फॉन्ट तर ठरीव साच्यात कोणीच ठेवीत नाही. तो विकासकाने आठवणीने भरला तरच असतो.

भरलेल्या पेटीचा भार

कंटेनरने मराठीचा प्रश्न सोडविला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मूळ प्रश्न सोडविला तो युनिकोडने आणि मुक्त फॉन्टांनी. कंटेनरने ती सामग्री आज्ञावलीबरोबर बांधून नेता येईल अशी केली आणि काय न्यायचे हे ठरविण्याचा अधिकार सेवा देणाऱ्याकडून आज्ञावली लिहिणाऱ्याकडे आणला. अधिकाराबरोबर भारही आला. ठरीव साच्यातील दोष दुरुस्त करणे हे कंपनीचे काम होते. स्वतः रचलेल्या इमेजमधील प्रत्येक ग्रंथालय जेथे बांधले त्याच क्षणी गोठलेले असते. डिसेंबर २०२१ मध्ये जावामधील ‘लॉग-फोर-जे’ या ग्रंथालयातील गंभीर दोष उघड झाला, तेव्हा ज्यांच्या इमेजमध्ये ते होते त्या प्रत्येकाला इमेज नव्याने बांधावी लागली. कृतीची फाइल जपून ठेवली असेल तर हे काम तासाभराचे. मूळ कृती हरवली असेल तर आत काय काय आहे येथपासून शोध. तालुक्याच्या ठिकाणची पतसंस्था किंवा महाविद्यालय एखाद्याकडून मराठी आज्ञावली करून घेते तेव्हा चालणारी इमेज मिळते, पण तिची कृती मागून घेण्याचे क्वचितच सुचते. ठेकेदार बदलला की ती इमेज जिस्ट कार्डासारखीच होते. चालते तोवर चालते, आत हात घालता येत नाही.

जुन्या मराठी नोंदींच्या बाबतीत कंटेनरची मर्यादा आणखी स्पष्ट होते. कंटेनर कर्नेल उसना घेतो, यंत्राचे भाग बरोबर नेत नाही. त्यामुळे जिस्ट कार्डावर चालणारी डॉसची आज्ञावली कंटेनरमध्ये भरून क्लाऊडवर चालविता येत नाही; कार्डच तेथे नसते. तिच्यात साठवलेली माहिती मात्र वाचविता येते, कारण ती इस्कीत आहे, इस्की हे प्रसिद्ध मानक आहे आणि ‘आयसीयू’मध्ये इस्कीचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याची सोय आहे. वर्णक्रमासाठी जे ग्रंथालय इमेजमध्ये भरले, तेच हे कामही करते. १९९० च्या दशकातील फॉन्टबद्ध मजकुराला ही सोय नाही. त्याच्यासाठी प्रत्येक फॉन्टच्या तुकड्यांचा तक्ता वेगळा मिळवावा लागतो, आणि तो तक्ता मिळेपर्यंत त्या काळातील इतिवृत्ते, अहवाल आणि नोंदवह्या यांच्या फाइली उघडतात, पण वाचता येत नाहीत.